नवमीचे पान

भाद्रपदाच्या वद्य पक्षात कोल्हापूरचे ऊन पितळी होते. श्रावणातले ते हसरे, हिरवे, ओलेते ऊन निराळे. हे जड, जुने, घासायचे राहून गेलेल्या समईच्या रंगाचे. ते पंचगंगेच्या गढूळ पाण्यावर पडते आणि तिथेच पडून राहते. ते रंकाळ्याच्या काठावर येते आणि पुढे जायचे विसरते. घाटावर दर्भ असतात, तीळ असतात, भाताचे पांढरे पिंड असतात. आणि वर तारांवर, छपरांवर, देवळांच्या दगडी खांद्यांवर कावळे बसलेले असतात. एरवी कलकलाटाने जीव नकोसा करणारे हे पक्षी या पंधरवड्यात फारसे बोलत नाहीत.

या पंधरवड्यातल्या दुपारी घरोघरी उंबरे पुसलेले असतात. दारे अर्धी उघडी असतात. आत काहीतरी उकळत असते, वेलदोड्याचा वास जिन्यापर्यंत आलेला असतो, पाने मांडून झालेली असतात. जेवायला यायचे ते मात्र अजून कुणाला दिसलेले नसतात.

अशाच एका दुपारी, प्रतिपदेला, दिगंबरराव रेठरेकर आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या खिडकीत फोन कानाला लावून उभे होते. त्यांना एक अगदी साधा प्रश्न विचारला गेला होता आणि त्याचे उत्तर त्यांना येत नव्हते.

विचारणारे होते मुनीश्वर गुरुजी. दिगंबररावांची पत्नी कुमुदिनी दीड वर्षापूर्वी, माघात गेली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची तिथी म्हणजे अविधवा नवमी. त्या दिवशी एका सवाष्णीला बोलवायचे, गेलेलीच्या नावाने तिला पान वाढायचे, तिच्या मुखाने गेलेली जेवते. वर्षश्राद्ध होईपर्यंत नवमी करीत नाहीत, म्हणून कुमुदची ही पहिलीच नवमी होती. गुरुजींनी सगळे सांगितले. सवाष्ण मी पाठवतो म्हणाले, वड्यांचे, कढीचे, गवारीच्या भाजीचे म्हणाले, खण-नारळाचे म्हणाले.

"आणि पानात एक पदार्थ त्यांच्या आवडीचा पाहिजे बरं का," गुरुजी म्हणाले. "तेवढा घरात केलेला असू द्या. तो नसला तर बाकी सगळं वाढून उपयोग नाही, माणूस उपाशी उठून जातं. काय आवडायचं वहिनींना?"

दिगंबररावांनी तोंड उघडले. तोंड उघडेच राहिले.

आता ही जीभ कुणाची, ते सांगायला हवे. अडतीस वर्षे दर रविवारी गावच्या वर्तमानपत्रात "रविवारचा घास" या नावाने लिहिणारी ही जीभ. रश्श्याचा पहिला भुरका घेऊन मिरची कुठल्या गावची ते सांगणारी, दुधाच्या घोटावरून म्हशीने सकाळी काय खाल्ले ते ओळखणारी, रसज्ञ, रसलोलुप, रसगर्विष्ठ जीभ. तिने वाखाणले की हॉटेलापुढे रांग लागे. तिने नाक मुरडले, म्हणजे जीभ जसे नाक मुरडते तसे मुरडले, की मालक आठवडाभर गल्ल्यावर गप्प बसे. दिगंबरराव स्वतः मात्र कधी चुलीपुढे गेले नव्हते. खाण्यात पटाईत, रांधण्याच्या नावाने शंख.

या जिभेला मटणाच्या मसाल्यातले बत्तीस जिन्नस एकामागून एक सांगता येत होते. जिने अडतीस वर्षे त्यांना जेवू घातले त्या बाईला काय आवडायचे, ते या जिभेला माहीत नव्हते.

"कळवतो," ते गुरुजींना म्हणाले आणि फोन ठेवून त्याच खिडकीत उभे राहिले. समोरच्या तारेवर एक कावळा त्यांच्याकडे बघत होता.

मग त्यांनी नाशिकला मुलीला फोन लावला. केतकी आईची लाडकी. तिला ठाऊक असणार.

"आईला?" केतकी म्हणाली. "आईला सगळंच आवडायचं की, बाबा." मग म्हणाली, "म्हणजे तुम्हाला जे आवडायचं ते. तिनं वेगळं असं कधी काही केलेलं मी बघितलं नाही. का हो?"

"सहज," दिगंबरराव म्हणाले. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्यांनी आठवून पाहिले. कुमुद वाढताना आठवली: पितळी भांड्यावर कललेली, हिरव्या काठाची, बांगड्यांच्या हलक्या नादाची. कुमुद परतताना आठवली, कांडताना, निवडताना, गाळताना आठवली. कुमुद जेवताना आठवेना. ते जेवून उठत, सुपारी तोंडात टाकत, आडवे होत. त्यानंतर केव्हातरी, आतल्या खोलीत, ओट्याच्या सावलीत ती जेवत असणार. अडतीस वर्षांत त्यांनी आपल्या बायकोला घास घेताना पाहिले नव्हते. आज हे कळले तेव्हा त्यांना स्वयंपाकघराकडे बघवेना.

घरात उत्तर नव्हते, म्हणून ते गावात गेले. खवय्याला दुसरे काय सुचणार? अन्नाचा प्रश्न, तर तो अन्नाच्याच दारात सुटेल, असे त्यांना वाटले. निदान डोळ्यांपुढे पदार्थ आला तर काही आठवेल.

पहिल्या दिवशी ते मिसळीच्या दुकानात गेले. लाकडी बाके, भिंतीवर तेलकट आरसा, आणि मोठ्या पातेल्यात लालभडक, लखलखता, तवंगाने डोळे दिपवणारा कट. वाढप्याने टेबल पुसले आणि पाण्याचे ग्लास ठेवले. दोन. एक त्यांच्यापुढे, एक समोरच्या रिकाम्या जागेपुढे. दिगंबररावांना वाटले, सवयीने ठेवला असेल.

दुसऱ्या दिवशी गंगावेशीत ते धारोष्ण दूध प्यायला उभे राहिले. म्हशी रवंथ करीत होत्या, फेसाळ दुधाला संध्याकाळचा पिवळा रंग आला होता. गवळ्याने एक पेला त्यांच्या हाती दिला आणि दुसरा भरून त्यांच्या खांद्यामागे, कुणाला तरी द्यावा तसा, पुढे केला. क्षणभर तो तसाच उभा राहिला. मग त्याने पेला कट्ट्यावर ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. दिगंबररावांनी मागे पाहिले, तर मागे भिंत होती.

तिसऱ्या दिवशी थालीपिठाच्या दुकानात दोन ताटल्या आल्या. चौथ्या दिवशी भडंगाचे दोन कागद. पाचव्या दिवशी उपवासाच्या खिचडीत दोन चमचे रोवलेले. कुणी काही विचारीना, कुणी काही बोलेना. माणसे आपली दोघांचे मांडत होती आणि आपल्या कामाला लागत होती.

आणि यातली खरी भीती दिगंबररावांना निराळ्याच गोष्टीची वाटली. या दुकानांत ते हजार वेळा आले होते: मित्रांबरोबर, पाहुण्यांबरोबर, पुण्या-मुंबईच्या लेखकांबरोबर. कुमुदला त्यांनी एकदाही आणले नव्हते. घरचे सोडून बाहेरचे तिला काय करायचे आहे, असे ते म्हणत. मग दुसरे जर तिचेच असेल, तर ही माणसे तिला ओळखत कशी होती?

सहाव्या दिवशी ते कुठेच गेले नाहीत. सातव्या दिवशी गेले आणि काही न खाता परतले. ऊन तसेच होते. कावळे तसेच गप्प होते. नवमी दोन दिवसांवर आली होती आणि पान अजून रिते होते.

अष्टमीला, भर माध्यान्ही, ते महाद्वाराच्या मागच्या बोळातल्या खानावळीत जाऊन बसले. दीड वर्ष ते रोज इथेच जेवत होते; हे आठ दिवस तेवढे इकडे फिरकले नव्हते. इथला वाढपी हिंदुराव, साठीचा, कानात सोन्याची भिकबाळी, कमरेला ओला पंचा, साऱ्या गिऱ्हाइकांना नावानिशी ओळखणारा. बोळात ऊन शिरत नसे. खानावळीत दुपारीही ओलसर, राखाडी, तळघरासारखा उजेड असे. हिंदुरावांनी दोन ताटे पुसली, दोन ग्लास मांडले.

"हिंदुराव," दिगंबरराव म्हणाले, "दुसरा ग्लास कुणाला?"

"वहिनींस्नी की," हिंदुराव म्हणाले. "आठ दिस झालं, गावभर तुमच्या मागनं फिरत्यात न्हवं का?"

दिगंबररावांनी समोरच्या खुर्चीकडे पाहिले. खुर्ची रिकामी होती. ते घाबरले होते. पण घाबरण्याहून मोठी अशी एक निकड त्यांच्या पोटात आठ दिवस जळत होती, आणि उद्याचा दिवस शेवटचा होता.

"मग त्यांनाच विचारा," ते हळू म्हणाले. "काय आवडतं ते. काय हवंय ते."

हिंदुराव खुर्चीकडे वळले. पंचा खांद्यावर टाकून, कमरेत वाकून, मोठ्या घरच्या बाईशी बोलताना राखतात तेवढे अंतर राखून त्यांनी कान पुढे केला. ऐकले. मान हलवली. पुन्हा ऐकले. "बरं, बरं," म्हणाले. पलीकडच्या टेबलावर कुणीतरी ताक मागत होते, कुणीतरी भाकरी मोडत होते, भिंतीवरचा पंखा कुरकुरत फिरत होता.

"हितं न्हाई मिळायचं म्हनत्यात," हिंदुरावांनी निरोप दिला.

"काय नाही मिळायचं?"

"त्ये सांगिनात." हिंदुराव जरा संकोचले. "सांगितलं की ह्ये हसत्यात, म्हनत्यात."

एवढे बोलून ते ताक द्यायला गेले. समोरच्या ग्लासातले पाणी अर्ध्यावर आले होते.

हसत्यात.

दिगंबरराव जेवले नाहीत. ते बोळातून बाहेर आले, पितळी उन्हात आले, आणि चालत राहिले. आणि चालता चालता तो शब्द त्यांच्या आत खोल खोल उतरत गेला, आणि तळाला जाऊन लागला. तिथे एक हसू होते. पाच-सहा पुरुषांचे, पोटभर, खदखदणारे हसू. ते त्यांना नेहमीच आठवत असे; अभिमानाने आठवत असे. कशाला हसलो होतो, एवढेच ते विसरून गेले होते.

लग्नानंतरचा पहिला श्रावण. कुमुद कुडाळची, समुद्रवाऱ्याची, माडांच्या सावलीतली. तिचे वडील एसटीने लेकीकडे आले, ते फणसाच्या लाकडाचा एक बोजड साचा मांडीवर घेऊन आले. त्या साच्यातून तिने शिरवाळे पाडले: तांदळाच्या उकडीच्या शुभ्र, सुतासारख्या, वाफाळत्या शेवया. नारळाचा रस काढला, त्यात गूळ विरघळवला, वेलदोडा घातला, हळदीचे पान बुडवून काढले. नवऱ्याचे मित्र जेवायला होते. तिने आपल्या गावची, आपल्या घरची, आपल्या जिवाची चीज त्यांच्यापुढे ठेवली आणि डाव हातात घेऊन दाराशी उभी राहिली.

नव्या नवऱ्याने एक घास घेतला. तिखटाच्या गावातली ती जीभ. तिला ते मवाळ, मधुर, चंद्रासारखे थंड गोडपण कळले नाही. आणि जिभेला हाड नसते.

"सगळं उत्तम आहे," तो म्हणाला होता. "फक्त आजारी माणूस कुठं निजवलाय तेवढं दाखवा."

काय हसले होते मित्र. एकाने तर ताटावरून उठून भिंत धरली होती. त्यांच्यातला एक वर्तमानपत्रात होता, तो म्हणाला, हे लिहून दे. त्यांनी लिहून दिले. "आजाऱ्याच्या शेवया" गावभर वाचल्या गेल्या, गावभर हसल्या गेल्या. पुढच्या रविवारी संपादकांनी आणखी मागितले, आणि अशा रीतीने दिगंबररावांची जीभ प्रसिद्ध झाली. अडतीस वर्षांचा सारा डोलारा त्या एका वाटीवर उभा होता.

कुमुदही हसली होती. डाव हातात धरून, दाराशी उभी राहून, सगळ्यांबरोबर हसली होती. आणि पुन्हा तिने शिरवाळे केले नाहीत. तिने मिरच्या भाजल्या, तिने कांदे जाळले, तिने तांबडे, झणझणीत, डोळ्यांत पाणी आणणारे रस्से केले, अडतीस वर्षे केले. दिगंबरराव रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

घरी येऊन त्यांनी शिडी लावली. माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागे, धुवट धोतरात गुंडाळलेला तो साचा होता. तीन पायांचा, वर जाड दट्ट्या, तळाला बारीक भोकांची चाळणी. अडतीस वर्षांची धूळ असेल, कोळिष्टके असतील, लाकूड तडकले असेल, असे धरून त्यांनी धोतर सोडले. आत धूळ नव्हती. लाकूड काळेभोर, तुळतुळीत, तेल पाजलेले होते. कुणीतरी वर्षांमागून वर्षे त्याची निगा राखली होती. त्यांनी त्यावरून बोट फिरवले.

बोटाला खोबरेल लागले. ते ओले होते, ताजे होते, आणि ती जाऊन दीड वर्ष झाले होते.

दिगंबररावांनी साचा छातीशी धरून खाली आणला. घाबरण्याचे दिवस आता मागे पडले होते. त्यांनी कुडाळला कुमुदच्या भावजयीला, सुगंधाबाईंना फोन केला आणि कृती विचारली.

"तुमी करतलास?" सुगंधाबाईंनी विचारले. हसल्या मात्र नाहीत. "उकड गरम आसतानाच दाबूची हां, भावोजी. थंड झाली काय हात मोडतले, पण शिरवाळो पडाचो नाय. आणि एकट्याक जमाचा नाय ता. एक दाबता, दुसरो खाली ताट फिरवता. कोणाक तरी बोलवा मदतीक."

दिगंबररावांनी कुणाला बोलावले नाही. बोलवायचे कुणाला?

नवमीचा दिवस उजाडला तो वाराहीन. पडदा हलेना, पान हलेना. ऊन खिडकीतून आत आले आणि ओट्यावर येऊन थांबले. बाकीचे पान एका स्वयंपाकीणबाईंनी सकाळीच करून पाठवले होते. एक शेगडी, एक पातेले आणि एक साचा एवढेच त्यांचे होते. त्यांनी आंघोळ केली, धूतवस्त्र नेसले. नारळ खवला, बोटे खवली. वाटून, पिळून, गाळून रस काढला. तो दाट झाला की पातळ, गूळ पुरला की कमी पडला, ते कळायला मार्ग नव्हता, कारण श्राद्धाचे अन्न आधी चाखायचे नसते. गावाला चव शिकवणारा माणूस आंधळ्यासारखा गूळ घालीत होता.

उकड झाली. गोळे वाफवले. पहिला गोळा साच्यात घालून त्यांनी दट्ट्या बसवला, खाली पितळेचे ताट ठेवले, आणि सत्तरीला टेकलेल्या देहाचा सारा भार दोन्ही तळहातांवर टाकला. साचा कुरकुरला. दंड थरथरले. आणि भोकाभोकांतून शुभ्र, सुकुमार, वाफेने वेढलेल्या धारा खाली उतरू लागल्या.

ताट जागचे हलले नाही, तर शेवयांचा एका जागी ढीग होतो, चिकटतो, लगदा होतो. सुगंधाबाईंनी बजावले होते. दिगंबररावांचे दोन्ही हात वर होते. डोळे मिटलेले होते, घाम पापण्यांवर होता. त्यांना खालून आवाज आला: पितळ ओट्याच्या दगडावर सरकल्याचा, मंद, सावकाश, गोल गोल. त्यांनी डोळे उघडले नाहीत. दट्ट्या तळाला टेकेपर्यंत ते दाबत राहिले.

मग पाहिले. ताटात शिरवाळ्यांचे वेटोळे होते. एकावर एक, सैल, सुबक, मोगऱ्याच्या वळेसरासारखे. दुसरा गोळा घातला. पुन्हा डोळे मिटले. पुन्हा तो आवाज. त्यांचे ओठ हलत होते. ते मंत्र म्हणत नव्हते, "अगं," एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

साडेबाराला बेल वाजली. गुरुजींनी पाठवलेली सवाष्ण आली: मृणाल कुंभोजकर, पन्नाशीच्या, टपाल कचेरीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून, रेशमी साडीवर हेल्मेट घालून आलेल्या. हेल्मेट काढले तर आतला गजरा चपटा झालेला. त्यांनी तो बोटांनी सारखा केला, पाय धुतले, पाटावर बसल्या.

"एक सांगून ठेवते, काका," पातेल्यातला रस पाहून त्या ओशाळून म्हणाल्या. "मला नारळाचा रस चालत नाही. लहानपणापासून. वासानंसुद्धा मळमळतं. तेवढा बाजूला ठेवला तर चालेल ना?"

ज्यासाठी सारा खटाटोप, तेच पानात पडून राहणार होते; कुमुद याही दारातून उपाशीच जाणार होती. पण पाहुणीवर सक्ती कशी करणार? दिगंबरराव चालेल म्हणाले. वाटीत शिरवाळे घातले, वर रस ओतला, वाटी पानाच्या उजवीकडे ठेवली. पाणी सोडले, हात जोडले.

श्राद्धाच्या पानावर एक नेम असतो. जेवणाऱ्याने अन्नाला बरे म्हणायचे नसते, वाईट म्हणायचे नसते. चवीचा शब्द काढायचा नसतो. मुकाट्याने जेवायचे आणि उठायचे. अडतीस वर्षे साऱ्या गावाच्या अन्नावर निकाल देणारे दिगंबरराव वाढपी होऊन भिंतीशी उभे होते आणि खोलीत एकही शब्द नव्हता.

मृणालताईंनी वडा खाल्ला. कढीभात खाल्ला. गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, भोपळा, सारे नेटकेपणाने, कचेरीची घाई असलेल्या बाईसारखे भराभर खाल्ले. वाटीकडे त्यांनी पाहिले नाही. ऊन खिडकीतून सरकत सरकत पाटाशी आले, त्यांच्या गुडघ्यावर चढले, मनगटावर चढले.

आणि तो हात थबकला.

मग तो हळू झाला. इतका वेळ लगबगीने चालणारा हात जणू खोल पाण्यात शिरला. पदराचे टोक डोक्यावर आले. डावा गुडघा जरा वर झाला, पाठ भिंतीकडे कलली, आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत ती वाटी उचलली गेली. हे कुमुदचे बसणे होते की नव्हते? दिगंबरराव डोळे फाडून पाहत होते, आणि त्यांना ओळखता येत नव्हते. कारण कुमुद जेवताना कशी बसते, ते त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

डोळे अर्धे मिटलेले. बोटांनी एकेक शिरवाळा रसातून उचलला जात होता, ओठांशी जात होता. घाई नव्हती, भीती नव्हती, दाराशी कुणी हसायला नव्हते. शेवटी वाटी तोंडाला लागली आणि रस सावकाश, घोटाघोटाने संपला.

वाटी पुढे आली. रिकामी, दोन्ही हातांनी धरलेली.

कुमुदने आयुष्यात कधी कुणाकडे दुसऱ्यांदा काही मागितले नव्हते. दिगंबररावांनी वाढले. त्यांचा डाव वाटीच्या काठावर किणकिणत होता. वाटी संपली, पुन्हा पुढे आली. त्यांनी वाढले. पुन्हा पुढे आली. ताटातली वेटोळी एकेक करून गेली, पातेल्यातला रस उतरत गेला, तळ दिसू लागला. पाचव्या वेळी त्यांनी पातेले तिरके करून, निथळवून, होता नव्हता तो सारा रस तिच्या वाटीत ओतला. तोही संपला. वाटी पानात परत ठेवली गेली, अगदी अलगद.

ऊन मनगटावरून उतरले.

मृणालताईंनी डोळे चोळले, पदर खांद्यावर घेतला, घड्याळ पाहिले. पानापुढे हात जोडून त्या उठल्या. खण-नारळ घेतला, कुंकू लावून घेतले, आणि दाराशी हेल्मेट हातात घेताना पुन्हा ओशाळल्या.

"तेवढा रस मात्र मी घेतला नाही हं, काका. वाटीला हातसुद्धा लावला नाही. राग मानू नका."

"नाही," दिगंबरराव म्हणाले. "पोट भरलं ना?"

"भरलं की," त्या म्हणाल्या, आणि जरा थांबल्या, जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून. "आज उगीचच फार दिवसांनी भरल्यासारखं वाटतंय."

त्यांच्या स्कूटरचा आवाज रस्त्याच्या टोकाला विरेपर्यंत दिगंबरराव दारात उभे होते. मग ते आत आले. स्वयंपाकघरात सारे निवले होते. वाटी धुतल्यासारखी स्वच्छ होती, ताट स्वच्छ होते. फक्त पातेल्याच्या तळाशी, कडेला, रसाचा एक पुसट पांढरा ओघळ उरला होता.

त्यांचे बोट सवयीने तळाशी गेले. कडेकडेने फिरले. टोकावर एक थेंब जमला: दुधाळ, गुळसर, हळदीच्या पानाच्या वासाचा. अडतीस वर्षांची जीभ दातांआड जागी झाली, ओलावली, पुढे सरसावली. दाट की पातळ? गोड की अगोड? नीट जमले होते की बिघडले होते? एक थेंब, आणि निकाल लागणार होता.

बोट ओठांपर्यंत आले आणि तिथे राहिले.

मग दिगंबररावांनी नळ सोडला. बोट पाण्याखाली धरले. थेंब पसरला, फिकट झाला, पाण्यात पाणी झाला; आणि कसे झाले होते ते त्यांना कळले नाही, कधीच कळणार नव्हते. ते तिचे होते. ते तिने संपवले होते.